खाडा नसलेली खाणावळ

कॅलिफोर्नियातल्या ब्युएना पार्क गावात 1934 साली कॉर्डेलिया नॉट या बाईंनी आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटल्या बाहेर काढल्या आणि आठ गिऱ्हाइकांना तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढलं. दर माणशी 65 सेंट. नवरा वॉल्टर रस्त्याकडेला शेतातल्या बेरी विकायचा. मंदीचे दिवस होते, त्यात तेवढीच चार पैशांची भर. सहाएक वर्षांत रविवारी हजारोंनी लोक जेवायला यायला लागले आणि तासन्‌तास ताटकळायला लागले. ताटकळलेला माणूस आधी कुरकुरतो आणि मग उठून जातो. म्हणून वॉल्टरनं 1940 मध्ये शेजारच्या मोकळ्या जागेत जुन्या अमेरिकेतलं एक लुटुपुटुचं ओसाड गाव उभारायला घेतलं. तुमचा नंबर येईपर्यंत तिकडे हिंडून या, असा साधा हेतू. त्या गावाचंच पुढे नॉट्स बेरी फार्म हे थीम पार्क झालं. जेवणाच्या रांगेला करमणूक म्हणून अख्खं पार्क!

आज गणित उलटलंय. आज पार्कसाठी माणसं विमानं करून जातात आणि दुपारी बारा वाजता, डोक्यावर ऊन आणि कडेवर पेंगुळलेलं पोर घेऊन, काउंटरवरच्या पाटीकडे बघत उभी राहतात. फाटक मालकाचं, आतली प्रत्येक चूल मालकाची. भूक मात्र आपली. अशा ठिकाणी जेवणाचे पैसे आधी भरावेत की लागेल तसे, हा प्रश्न दिसतो किरकोळ. पण चार-सहा जणांच्या सहलीत त्याची किंमत हजार-दोन हजार डॉलरांपर्यंत जाते.

मला या प्रश्नाचं शिक्षण पुण्यात मिळालं. कॉलेजची तीन वर्षं मी पेठेतल्या एका खाणावळीत जेवलो. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळची राईस प्लेट, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. मालकीणबाईंच्या गल्ल्याशेजारी दोऱ्यानं बांधलेली पेन्सील आणि एक वही असायची. ती खाड्यांची वही. गावी जायचं असेल तर आदल्या रात्री सांगायचं, मग ते दिवस पुढच्या महिन्यात वळते व्हायचे. नियम एकच: सलग तीन दिवसांच्या आत खाडा नाही. एका संध्याकाळी मित्राच्या घरी पुरणपोळी खाल्ली, तर त्या जेवणाचे पैसे बुडाले. नवीन मुलगा भाजी कशी असते ते विचारायचा. मुरलेला मेंबर आधी विचारायचा, खाडा कसा धरता? आगाऊ पैसे घेणाऱ्या कुठल्याही जेवणयोजनेला लावायची कसोटी म्हणून मला अजून यापेक्षा चांगला प्रश्न सापडलेला नाही.

आपल्याकडच्या हॉटेलांत, महाबळेश्वर असो वा गोवा, दरपत्रकावर ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं असतात. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता धरून, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही त्रिकाळ. ही भाषा डोक्यात ठेवून फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला गेलात तर फसाल. तिथली ‘डिस्ने डायनिंग प्लॅन’ नावाची योजना यांपैकी कशातच बसत नाही. तिथे जेवण मिळत नाही, क्रेडिटं मिळतात.

आधी जागेबद्दल. ऑर्लँडोजवळचं हे संकुल 1 ऑक्टोबर 1971 ला उघडलं, पण जमीन 1960च्या दशकातच घेऊन ठेवली होती, सुमारे 27,000 एकर. कॅलिफोर्नियातल्या पहिल्या डिस्नेलँडच्या फाटकासमोर परक्यांची हॉटेलं आणि दुकानं उभी राहिली, त्यांची कमाई डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या गल्ल्यात गेली, याची वॉल्ट डिस्नेला फार चुटपुट होती. फ्लोरिडात त्यानं शेजारच ठेवला नाही. कोपऱ्यावर जाऊन स्वस्तात वडापाव खाऊन येऊ, असला विचार तिथे चालत नाही, कारण कोपरा गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

योजनेचे प्रकार दोन. ‘क्विक सर्व्हिस’मध्ये मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे माणशी काउंटरवरची दोन जेवणं, एक सटरफटर खाणं आणि मुक्कामभर हॉटेलात पुन्हा पुन्हा भरून घेता येणारा एक मग. थोरल्या योजनेत एक जेवण काउंटरवरचं, एक टेबलावर बसून वेटरच्या हातचं, एक सटरफटर आणि तोच मग. कोविडच्या टाळेबंदीत बंद पडलेली ही योजना जानेवारी 2024 मध्ये परत आली तेव्हा मोठ्यांना पहिली रात्रीला 57.01 डॉलरना पडायची आणि दुसरी 94.28 ना. 3 ते 9 वर्षांच्या मुलांना हेच दर 23.83 आणि 29.69. त्यानंतर मोठ्यांचे आकडे चढले आहेत, पण हिशेबाची रीत तीच.

या ओळींतला प्रत्येक शब्द नखानं खरवडून बघण्यासारखा आहे. ‘रात्रीमागे’ म्हणजे दिवसामागे नव्हे. पाच रात्रींच्या मुक्कामात पार्कातले दिवस सहा भरतात, क्रेडिटं पाचांचीच. नऊ वर्षांपर्यंतच मूल, दहावं लागलं की माणूस मोठा. टेबलावरच्या जेवणात मुख्य पदार्थ, गोड आणि पेय. स्टार्टर धरलेला नाही. ‘सिग्नेचर’ म्हणवणाऱ्या भारी जागांमध्ये एका जेवणाला दोन क्रेडिटं कापतात. टिप कशातच नाही. खोलीतल्या सगळ्यांनी एकच योजना घ्यायची. आणि मुक्काम हलवण्याच्या दिवशी रात्री बारा वाजता उरलेलं सगळं शून्य.

खाडा? नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. 2024च्या उन्हाळ्यात मावशी आणि काका तिच्याकडे गेले तेव्हा सहाही जण फ्लोरिडाला निघाले: ताई आणि तिचा नवरा, बारा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि आजी-आजोबा. पाच रात्री, दोन खोल्या. ताईनं थोरली योजना घेतली. बारा वर्षांचा मुलगा मोठ्यांत धरून पाच मोठे आणि एक मूल, म्हणजे रात्रीला 501.09 डॉलर आणि पाच रात्रींचे 2,505.45. बदल्यात टेबलाची 30 जेवणं, काउंटरची 30, सटरफटर 30 आणि सहा मग. काकांनी सातारच्या बँकेत पस्तीस वर्षं काढलीत. त्यांनी हे आकडे डायरीत उतरवून घेतले आणि रोज रात्री बिलाच्या चिठ्ठीवर छापून येणाऱ्या शिल्लक क्रेडिटांशी ताडून बघायचा नेम धरला.

पहिल्याच रात्री टेबलावर वेटरनं पेयं विचारली. 2018 पासून या योजनेत 21 वर्षांवरच्यांना बियर, वाइन किंवा कॉकटेलही घेता येतं, आणि ते धरूनच मोठ्यांचा दर ठरलेला असतो. काकांनी लिंबू सरबत सांगितलं. ताईनं त्यांना समजावलं की याच पैशात पंधरा डॉलरचं कॉकटेलसुद्धा मिळालं असतं. काका क्षणभर गप्प राहिले.

“मग माझा बियरचा खाडा धरायला सांग त्यांना.”

हसण्यावारी गेलं, पण हिशेब बरोबर होता. मोठ्यांच्या 94 डॉलरांतून काउंटरवरच्या जेवणाचे वीस, सटरफटरचे सात आणि मगाचे चारेक वजा केले तर टेबलाच्या एका जेवणावर साठ-पासष्ट डॉलर बसतात. आता समजा शाकाहारी माणसानं 26 डॉलरचा पास्ता घेतला, 10 चं गोड, 5 चं सरबत. करासकट झाले पंचेचाळीसच्या आत. दर जेवणाला वीसेक डॉलर पाण्यात. तीच जागा मांसाहारी आणि पिणाऱ्या माणसाला द्या: स्टेक, कॉकटेल, गोड. तो साठ ओलांडून पुढे जातो. एकच योजना, एकच टेबल, पण एक जण दुसऱ्याच्या ताटाला हातभार लावतोय. आपल्या अमर्याद थाळीतही हेच होतं, बारीक खाणारा जाडजूड खाणाऱ्याचं बिल भरतो. फक्त तिथे फरक साठ-सत्तर रुपयांचा असतो. बारा वर्षांच्या नातवाचा प्रकार आणखी विचित्र. त्याच्या दरात बियरची किंमत आहे आणि ती प्यायला त्याला आणखी नऊ वर्षं थांबायचंय.

मग सात वर्षांची नात? ती या व्यवहारातली एकमेव सावकार. मिकी, गूफी ही मंडळी टेबलाशी येऊन फोटो काढून जातात असे जे बुफे असतात, त्यांतल्या रात्रीच्या एका जेवणाचा मुलांचा दर तिच्या अख्ख्या दिवसाच्या 29.69 पेक्षा जास्त असतो. म्हणजे तिच्यासाठी योजना पहिल्या ताटालाच फिटते. जाहिरातीत लहान मुलं पुढे असतात ती उगाच नाही. 2026 साठी तर 3 ते 9 वर्षांच्या मुलांची योजना फुकट जाहीर झाली. अट इतकीच की सोबतच्या मोठ्यांनी आपापली विकत घ्यावी, तीही सवलत नसलेल्या पॅकेजमध्ये.

‘फुकट’ या शब्दापाशी जरा थांबायला हवं. क्रेडिटांची ही योजना आजच्या रूपात 2005 साली आली आणि हॉटेलं रिकामी राहायच्या हंगामात ‘फ्री डायनिंग’ म्हणून ती फुकटही मिळू लागली. फुकट जेवण हवं असेल तर खोली पूर्ण भावानं घ्यायची. त्याच दिवसांत खोलीवर सवलतीची दुसरी ऑफर असते. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. समजा खोली रात्रीला 700 डॉलरची आणि सवलत पंचवीस टक्के: पाच रात्रींत 875 डॉलर वाचतात. त्या खोलीत नवराबायको दोघंच असतील तर काउंटरवाली फुकट योजना पाच रात्रींत 570 डॉलरचीच होते. तीनशे डॉलर तोटा, आणि वर फुकट जेवल्याचं समाधान! उलट 200 डॉलरच्या साध्या खोलीत चार मोठी माणसं कोंबलीत, तर सवलतीनं 250 वाचतात आणि फुकट जेवण 1,140 चं मिळतं. म्हणून ऑफर चांगली की वाईट, याला उत्तर नाही. माणसं किती आणि खोली केवढ्याची, एवढंच विचारायचं. दोन माणसं आणि महागडी खोली असेल तर खोलीची सवलत घ्यावी. खोली स्वस्त आणि माणसं भरपूर असतील तर जेवण.

एवढं साधं गणित असूनही लोक आगाऊ पैसे का भरतात? मूर्ख असतात म्हणून नव्हे. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या दोघांनी 1998 मध्ये पैसे देण्याच्या यातनेवर एक निबंध लिहिला. खर्च डोळ्यांसमोर होत राहिला की उपभोगाची चव जाते, आधीच भरलेले पैसे मात्र जेवताना आठवत नाहीत, असा त्याचा रोख. टॅक्सीत बसल्यावर मीटरकडे बघणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. काउंटरवर सहा जण उभे आहेत, पोरगी आइस्क्रीम मागतेय आणि आपण डॉलरला रुपयांनी गुणतोय, ही अवस्था ज्यानं अनुभवली त्याला 94 डॉलर हे त्या गुणाकारापासून सुटकेचे पैसे वाटतात. मावशीला तसंच वाटलं. “निदान मला मेनूतला उजवा रकाना तरी बघावा लागला नाही,” असं ती परत आल्यावर म्हणाली. ताईच्या जमाखर्चात ही ओळ कुठेच नव्हती, आणि ती खोटीही नव्हती.

दुसरी बाजू मात्र आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी 1985 मध्ये छापलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचं हंगामी तिकीट घ्यायला आलेल्या पहिल्या साठ जणांपैकी काहींना ते पूर्ण 15 डॉलरना मिळालं, काहींना 2 डॉलर आणि काहींना 7 डॉलर कमी करून. कोणाला काय मिळेल हे नशिबावर. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या सहामाहीत पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त वेळा नाटकाला गेले. भरलेले पैसे माणसाला ओढून नेतात. नाटकाचं ठीक आहे, पण जेवणाचे भरलेले पैसे माणसाला भूक नसताना जेवायला नेतात. दुपारी तीन वाजता, काउंटरवरचा बर्गर पोटात असताना, साडेचारचं टेबल गाठायला पाळण्याची रांग सोडून पळणारी कुटुंबं बघितली की कळतं, सहल कोण चालवतंय.

टेबलही आपोआप मिळत नाही. क्रेडिट म्हणजे खुर्ची नव्हे. लोकप्रिय जागांची आगाऊ नोंदणी 60 दिवस आधी तिथल्या पहाटे सहाच्या सुमारास उघडते, उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या दहा दिवसांपर्यंतची नोंदणी त्याच दिवशी उरकता येते. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात टेबलाची क्रेडिटं राहतात आणि जागा मिळतात त्या नको त्या वेळेच्या. शिवाय सहा किंवा जास्त माणसं असली की बिलात 18 टक्के टिप आपोआप चढते. तीनशे डॉलरचं जेवण क्रेडिटात गेलं तरी 54 डॉलर रोख. काकांच्या डायरीत पहिल्या रात्रीसमोर ‘हे कुठे ठरलं होतं?’ असं लाल शाईत आहे.

भूक कशी नि केव्हा लागते याचा अंदाज धंदेवाल्यांचाही चुकतो. पॅरिसजवळचं डिस्नेलँड 12 एप्रिल 1992 ला उघडलं तेव्हा पार्कात वाइन मिळत नव्हती. फ्रान्समध्ये! पुढच्याच वर्षी तो नियम बदलावा लागला. त्याहून मजा नाश्त्याची. युरोपात लोक बसून नाश्ता करत नाहीत असं कुणीतरी सांगितलं म्हणून हॉटेलातले नाश्त्याचे हॉल छोटे बांधले, आणि 350 खुर्च्यांच्या हॉलमध्ये अडीच हजार लोकांना नाश्ता द्यायची वेळ आली. दुपारचं जेवण तर सगळ्यांना एकदमच, साडेबाराला हवं होतं. अमेरिकन माणूस चालता चालता केव्हाही खातो, फ्रेंच माणूस वेळेला जेवतो. आज तिथे हाफ बोर्ड आणि फुल बोर्ड या युरोपला पाठ असलेल्या नावांनीच योजना विकतात.

मालकाला हरवणारा मेंबर कधीतरी निघतोच. कॅलिफोर्नियातल्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन पार्कचा सुमारे 150 डॉलरचा वार्षिक पास 2014 मध्ये एका तरुण इंजिनिअरनं घेतला. त्यात रोज दोन जेवणं धरलेली होती. त्याचं ऑफिस पार्कपासून काही मिनिटांवर. तो दुपारी जेवायला पार्कात जायचा, संध्याकाळी घरी जाताना पुन्हा जायचा. अशी जवळजवळ सात वर्षं! शिक्षणाचं कर्ज फेडलं, लग्न केलं, घर घेतलं. 2021 मध्ये त्याची गोष्ट जगभर छापून आली. पण बारकाईनं बघा: तो जिंकला कारण तो सहलीला गेलाच नव्हता. तो खाणावळीत जात होता.

आपल्या लोकांसाठी तिसरी वाट आहे आणि ती सांगितल्यावाचून हे प्रकरण पुढे नेणं बरं नाही. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देतात. काचेच्या बरण्या नकोत, दारू नको, सुटा बर्फ नको, गरम करायला लागेल असं काही नको. बाकी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, सगळं चालतं. जिथे नळाची सरबतं मिळतात त्या काउंटरवर मागितलं की बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो. खोलीत छोटा फ्रिज असतो, दूध-पाव-फळं मागवून ठेवता येतात. सकाळ खोलीत, दुपार काउंटरवर रोख पैसे देऊन, आणि मुलांसाठी एखादंच मिकीबरोबरचं जेवण आधी नोंदवून. न पिणाऱ्या, बेताचं खाणाऱ्या मराठी कुटुंबाला बहुतेक वेळा हेच परवडतं. ॲनिमल किंगडम लॉजमधल्या ‘सनाआ’ या आफ्रिकी-भारतीय वळणाच्या जागी नान आणि नऊ तऱ्हेच्या चटण्या-कालवणांचं ताट मिळतं, खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. शाकाहाऱ्यानं ते चुकवू नये. ते स्टार्टर आहे, त्यामुळे टेबलाच्या क्रेडिटात येत नाही. सरळ पैसे मोजून खावं.

पाचव्या रात्री ताईच्या मंडळींची अकरा सटरफटर क्रेडिटं उरली होती. सकाळी विमान होतं. साडेदहा वाजता काका हॉटेलच्या खाली असलेल्या दुकानात डायरी घेऊन उभे राहिले आणि योजनेची खूण असलेली पाकिटं एकेक करून मोजून घेतली: मुरमुऱ्याच्या मिकीच्या कानांच्या वड्या, बिस्किटं, कँडी. एकातही त्यांना रस नव्हता. मावशी म्हणाली, राहू द्या हो, कोण खाणार हे? तरी अकराच्या अकरा घेतली. त्यांतली चार साताऱ्याला शेजाऱ्यांकडे पोचली, दोन मी खाल्ली. मगाच्या तळाशी एक चिप असते, मुक्काम संपला की ती यंत्राला ओळख देत नाही. मावशीनं आपले दोन मग तरी बॅगेत घातले. एकात आता झारा, डाव आणि उलथनं उभं असतं. दुसऱ्यानं काका रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात.